पंपामागे अडकलेला हात

मी आता जे सांगणार आहे ते तुम्हाला खरं वाटणार नाही. आजवर कुणालाच वाटलेलं नाही. गोंदियाच्या गॅरेजवाल्यांना सांगितलं, ते हसले. जावयाला सांगितलं, तो पोट धरून हसला आणि त्या दिवसापासून त्याने त्याच्या गाडीची किल्ली माझ्या हाती दिलेली नाही. धड साक्ष देऊ शकेल असा एक वानर होता, पण त्याला शोधायचं कुठे? तरी खरं ते खरं. माझा उजवा हात दुपारी दीडपासून साडेतीनपर्यंत एका अँबेसेडरच्या इंजिनात अडकून पडला होता, आणि ते दोन तास मी त्या हाताला मागून चिकटलेलं एक गाठोडं होतो, दुसरं काही नाही.

परवा हीच गोष्ट मी कामठ्याला आमच्या ओसरीवर बसून पुन्हा सांगत होतो. ऐकायला दोघं. एक भोजराज वेल्डिंगवाला, माझा शेजारी. दुसरी त्याची पोरगी खुशबू. ती गोंदियाला आय.टी.आय.मध्ये मोटार मेकॅनिकचं शिकते. ती अंगणातल्या गाडीचं बोनेट उघडून आत डोकावत होती आणि म्हणाली, काका, गाडी एवढी जुनी आणि हा फ्युएल पंप मात्र नवा दिसतो, कोणी बसवला? असा प्रश्न विचारल्यावर माणूस गप्प कसा बसेल? आमची निर्मला दाराशी सुपात तांदूळ पाखडत होती. तिच्याकडे मी लक्ष दिलं नाही. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात एवढं तर जमायला लागतं.

तर, गाडी मुळात माझी नव्हती. खेमराज गुरुजींची होती. गुरुजी सालेकशाकडच्या शाळेत हेडमास्तर होते. बाहत्तर सालची अँबेसेडर, सायीच्या रंगाची. तीस वर्षं मी ती चालवली. गुरुजी मागे पेपर वाचत बसायचे आणि गाडी आदळली की पेपर खाली न घेता विचारायचे, "दुधराम, हा खड्डा कालचाच का आजचा?" गुरुजी गेल्यावर गाडी त्यांच्या गावच्या घरी मागच्या छपरीत उभी राहिली. मी महिन्यातून एकदा जाऊन तिला चालू करून यायचो, जसं कोणी आजारी माणसाला बघायला जातं.

दोन वर्षांपूर्वी गुरुजींच्या मुलीचा, अल्काताईचा फोन आला. ती गोंदियाला राहते. घर विकलं होतं, छपरी रिकामी करून द्यायची होती, आणि गाडीसाठी भंगारवाल्याला गोंदियाला बोलावलेलं होतं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला. मी नुसतं बरं म्हणालो. ती बापाची लेक, माझं बरं ओळखते. म्हणाली, "काका, बंद गाडी माझ्याने ठेववत नाही, अन् चालती गाडी भंगारात देववत नाही. पाचच्या आत आपल्या इंजिनावर माझ्या दारात आली तर ती तुमची, घेऊन जा. दोरी बांधून आली तर त्याच दोरीनं ट्रकवर चढेल."

एवढीच अट. पाचच्या आत, आणि दोरी नाही.

बारा वाजता आम्ही गुरुजींच्या गावाहून निघालो. आम्ही म्हणजे मी आणि निर्मला. ती मागच्या सीटवर, मांडीवर डब्याची पिशवी. दिवस माघ पौर्णिमेचा. गोंड लोकांची कचारगडची जत्रा भरलेली, त्यामुळे रस्त्यावर ट्रॅक्टरच ट्रॅक्टर, ट्रॉल्यांवर पिवळे झेंडे, आणि शेजारून जाताना प्रत्येक ट्रॉलीतून "जय सेवा". मीही हात वर करून जय सेवा म्हणत होतो. सालेकसा मागे टाकून सात किलोमीटर झाले असतील, आणि पेट्रोलचा वास आला. आधी बारीक. मग असा की डोळ्यांतून पाणी. मोहाच्या झाडाखाली गाडी घेतली, बोनेट उघडलं, तर पंपाच्या पोटातून धार लागलेली. मागे रस्त्यावर पेट्रोलची ओली रेघ पडलेली, पार गावाच्या वेशीपर्यंत. त्या रेघेवरून ज्या मुंग्या गेल्या, त्या दोन दिवस वाकड्याच चालत होत्या, असं लोक सांगतात.

भोजराज म्हणाला, लोक म्हणजे कोण? मी म्हणालो, तू ऐक.

पंप म्हणजे काय ते सांगतो, कारण आजकालच्या गाड्यांत तो दिसत नाही. मुठीएवढा लोखंडी गडू असतो, इंजिनाच्या कुशीला दोन नटांनी जखडलेला. इंजिन फिरलं की त्यातली दांडी वरखाली होते, दांडी एका रबरी पडद्याला ओढते, आणि पडदा मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून घेतो. पडदा फाटला की पेट्रोल इंजिनात जायच्याऐवजी रस्त्यावर जातं. आणि वरच्या बाजूला, वीतभर अंतरावर, तापलेला लोखंडी पाइप, ज्यातून इंजिनाचा धूर बाहेर पडतो. म्हणजे खाली पेट्रोल आणि वर चूल.

नवा पंप डिकीत होता. गुरुजींनी रायपूरहून आणून जुन्या धोतरात गुंडाळून ठेवला होता, कधीतरी लागेल म्हणून. सोबत लाखेची शिशी. ही लाख आपल्याच जंगलातली, मोहाच्या दारूत विरघळवलेली. ती लावली की जोडातून पेट्रोल झिरपत नाही. दारू लाखेत घालायची, पोटात नाही, असं गुरुजी मला दर वेळी बजावायचे. पॅकिंग तेवढं नव्हतं. डॅशबोर्डच्या खणात कुणाच्यातरी लग्नाची जाड पत्रिका सापडली. तिच्यातून पॅकिंग कापलं. नवरदेवाचं नाव एका नटाखाली गेलं, नवरीचं दुसऱ्या.

इंजिन थंड व्हायला अर्धा तास दिला. पेट्रोलच्या नळीत कडुलिंबाची काडी ठोकली म्हणजे धार थांबावी. जुना पंप काढला. काढणं सोपं असतं. नवा बसवताना पुढचा नट पान्याने लागतो, मागचा दिसतच नाही. पंप आणि गाडीची चौकट यांच्यामध्ये दोन इंचांची फट आहे. त्या फटीतून हात मागे घालायचा, बोटांच्या टोकांनी नट धरायचा आणि आंधळ्यासारखा फिरवायचा. तिथे जाड हाताचं काम नाही. माझा हात बारीक, म्हणून गेला.

भोजराजने माझ्या पंजाकडे पाहिलं. मी तो मांडीखाली घेतला आणि म्हणालो, तेव्हा बारीक होता.

नट लागला. तीन आटे बसले. बोटांना कळलं, आता पान्याने कसता येईल. हात बाहेर ओढला, आणि हात आला नाही.

मनगटात कडं होतं. तांब्याचं. जाताना ते पंपाच्या नळीवरून सरकलं होतं. येताना नळीच्या तोंडामागे अडकलं. हात पुढे जाईना, पुढे इंजिन. मागे येईना, मागे कडं. नट उलटा फिरवून पंपच सैल करावा म्हटलं, तर बोटं नटाच्या पलीकडे जाऊन बसलेली, त्यांना वळायला जागा नाही. डावा हात तिथवर पोचत नाही. मी पुन्हा ओढला. मनगटाचं हाड बोललं.

माणूस विहिरीत पडला तर निदान आभाळ दिसतं. मी बोनेटखाली वाकलेला, मडगार्ड पोटात रुतलेलं, गाल बॅटरीवर. एका डोळ्याला इंजिनाचा तुकडा दिसत होता, आणि त्याच्या फटीतून खाली जमिनीचा हातभर तुकडा. त्यावर उन्हाचा एक कवडसा, रुपयाएवढा. तेवढंच माझं घड्याळ. कवडसा सरकत होता आणि मी सरकत नव्हतो. पाठीमागून ट्रॅक्टर जात होते, झेंड्यांची फडफड ऐकू यायची, लोक जय सेवा म्हणायचे, आणि मी वाकलेला तसाच. त्यांना वाटत असेल, म्हातारा इंजिनाच्या पाया पडून राहिला.

मग काडी हलली. नळीत ठोकलेली कडुलिंबाची काडी, हाताच्या ओढाताणीने. पेट्रोलचा थेंब कोपरावर पडला. थंडगार. बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. दुसरा पडला, तिसरा पडला. मग कोपरापासून मनगटापर्यंत एक ओली वाट झाली, आणि तीच वाट हळूहळू पेटल्यासारखी झाली. कातडी आधी पांढरी, मग लाल. पुसायचं कशाने? फुंकर घालायची तर तोंड पोचत नाही. मी थेंब मोजायला लागलो. चारशेपर्यंत मोजले आणि सोडून दिलं, कारण मोजल्याने ते मोठे वाटायला लागले.

"अन् काकू?" खुशबूने विचारलं.

काकू मागच्या सीटवर, डबा धरून. घाबरून गेली होती बिचारी. बाईमाणसाचं ते काम नव्हतं, असं मी म्हणालो. दाराशी सुपाचा आवाज जरा जोरात झाला. तांदळात खडे निघाले असतील.

एक ट्रॅक्टर थांबला. आमगावकडचा श्यामलाल नावाचा शेतकरी. ट्रॉलीत त्याचं अख्खं घर, बायकापोरं, पाहुणे, अठरा माणसं. सगळी उतरली आणि गाडीभोवती उभी राहिली. आपल्याकडच्या माणसाला रस्त्यात कोणी अडलेला दिसला की त्याच्याने पुढे जाववत नाही, आणि काय अडलं ते विचारण्यात तो वेळही घालवत नाही. त्यातल्या एका म्हाताऱ्याने माझ्या शेजारून इंजिनात डोकं घातलं. तोंडात विडी, पेटलेली. मला त्याचा चेहरा दिसत नव्हता, फक्त विडीचं लाल टोक दिसत होतं. ते माझ्या कोपरापासून दीड हातावर होतं आणि खाली थेंब पडत होते. मी ओरडलो नाही. ओरडलो असतो तर त्याने तोंड उघडलं असतं आणि विडी खाली पडली असती. मी अगदी हळू म्हणालो, बाबा, तुमच्या मागं साप आहे. तो मागे वळला तो थेट ट्रॉलीपर्यंत गेला.

तेवढ्यात गाडीच्या पुढे खडखड ऐकू आली. श्यामलालने बंपरला दोरी बांधायला घेतली होती.

मी म्हणालो, दोरी नाही. तो म्हणाला, काका, टेन्शन कायले घेता, गोंदियापर्यंत ओढून नेतो. मी म्हणालो, माझा हात आत आहे. तो म्हणाला, हळूच नेतो. मी त्याला पाच वाजेची अट सांगितली, अल्काताई सांगितली, भंगारवाल्याचा ट्रक सांगितला. तो सगळं ऐकून म्हणाला, ते ठीक, पण दोरी गोंदियाच्या अलीकडं सोडून देऊ, कोनाले दिसते? आता सांगा. मी जन्मभर हजार गोष्टी बनवून सांगितल्या असतील, पण गुरुजींच्या गाडीबद्दल त्यांच्या मुलीला खोटं सांगायचं नव्हतं. मी म्हणालो, दोरी सोड. त्याने सोडली, आणि ट्रॉलीतल्या लोकांना खूण केली ती मला इंजिनाच्या फटीतून दिसली. डोक्याजवळ बोट गोल फिरवण्याची.

मग तो आला आणि साधी गोष्ट बोलला.

"काप ना गा ते कडं. आरी आहे माझ्यापाशी."

मी नाही म्हणालो.

इथे भोजराजने गुडघ्यावर थाप मारली. तो धातूतला माणूस. तो म्हणाला, पेट्रोल गळून राहिलं होतं म्हणून ना? आरीची ठिणगी? मी म्हणालो, बरोबर, ठिणगी. तो म्हणाला, पण तांब्यावर ठिणगी पडत नाही. मी म्हणालो, चांदीचं होतं. चांदीवर बी नाही पडत, तो म्हणाला. खुशबू म्हणाली, मघाशी तुम्ही तांब्याचं म्हणाले होते.

मी म्हणालो, ठिणगीचं सोडा. ते कडं तोडायचं नव्हतं. ज्याने दिलं त्याने सांगितलं होतं, हे हातात असेपर्यंत घर पुरं आहे. तोडशील तर घरातलं एक माणूस कमी होईल.

हसू नका. तुम्ही ओसरीवर बसून हसता. तिथे, कोपर जळत असताना, कवडसा सरकत असताना, तुम्हीही हसला नसता. एका बाजूला गाडी. तीस वर्षं जिच्या स्टिअरिंगवर माझ्या पंजाचा ठसा आहे ती गाडी पाच वाजता ट्रकवर चढणार. दुसऱ्या बाजूला ते एवढंसं कडं. तोडलं की हात मोकळा, दहा मिनिटांत नट कसला, गाडी चालू. कोणीही तोडलं असतं. श्यामलालची बायको म्हणत होती, तोडा. अठरा माणसं म्हणत होती, तोडा. आणि मला तिथे उभ्याउभ्या आमचं घर दिसत होतं आणि त्यातली एक खाट रिकामी दिसत होती. मी नास्तिक नाही आणि फार आस्तिकही नाही, पण ती खाट मला दिसली. मी म्हणालो, नाही तोडायचं. श्यामलाल कंटाळून गेला. ट्रॅक्टरचा आवाज दूर जाऊन थांबला, आणि मग इतकं शांत झालं की थेंब जमिनीवर पडलेला ऐकू यायला लागला.

पाऊण तास तसाच गेला. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. माणूस अडकलेला असला की वेळेला गोष्ट नसते. बोटं बधिर झाली, ती आहेत का गेली कळेना. गाडी आपली होणार नाही हे मी तीनदा मान्य केलं आणि तीनदा परत घेतलं.

आणि मग वानर आला.

काळतोंड्या, मोठा, मोहाच्या झाडावरून बोनेटवर धपकन उतरला. आधी त्याने डब्यातल्या दोन पोळ्या खाल्ल्या. मग माझ्याकडे नीट पाहिलं. मग मडगार्डवर ठेवलेले पाने एकेक उचलून पाहिले आणि एक माझ्यापुढे धरला.

"कोणता पाना दिला त्यानं?" खुशबूने विचारलं.

"अर्ध्या इंचाचा," मी म्हणालो.

"बरोबर दिला," ती म्हणाली. वानराचं तिला पटलं. भोजराजलाही पटलं, त्याच्या मामाकडे असाच एक वानर भाजीवाल्याला वजनं आणून द्यायचा. हे दोघं वानर गिळायला तयार होते, आणि कडं मात्र त्यांच्या घशात अडकलेलं. खुशबू उठली, माझ्याजवळ येऊन बसली. शिकलेली पोर, पुस्तकाप्रमाणे एकेक पायरी विचारते. कडं कोणी दिलं होतं? एका साधूनं. कुठल्या? नागरा गावच्या देवळापाशी बसायचा. आता कुठं आहे? साधू? नाही, कडं. ते मी देवाला वाहिलं. कधी? नंतर.

"तोडलं नाही तर मग हातातून निघालं कसं, काका?"

तेच तर सांगतो, मी म्हणालो. वानर गाडीत शिरला. स्टिअरिंगपुढे बसला, अगदी माझ्यासारखा, एक कोपर खिडकीत. स्टार्टरची खुंटी ओढली. इंजिनाने एक गचका दिला, आतली दांडी हलली, पंपाने उडी घेतली, आणि त्या धक्क्याने...

"उजवा हात दाखवा," खुशबू म्हणाली.

मी डावा पुढे केला. तिने उजवा ओढून घेतला, बाही वर सारली, कोपर पाहिलं, मनगट पाहिलं, उलटं करून पाहिलं. पेट्रोलनं एवढं भाजल्यावर डाग राहते, ती म्हणाली. आमच्या शॉपमध्ये एकाले आहे. इथं तर काहीच नाही.

मी म्हणालो, माझी कातडी चांगली आहे.

सूप थांबलं होतं. कधीपासून थांबलं होतं कोण जाणे. निर्मला उठली, हातावरचा कोंडा झटकला, ओसरीवर आली आणि खुशबूसमोर बसली. आपल्या लुगड्याच्या काठाने तिने उजवा हात पुसला आणि कोपरापर्यंत पुढे धरला. मनगटाच्या वर वीतभर जागा काळपट, सुरकुतलेली, आणि मनगटावर पांढऱ्या बारीक रेघा, काच घुसल्यावर राहतात तशा.

"कडं नोहोतं वं पोरी," ती म्हणाली. "बांगड्या होत्या. माह्या. हात बी माहाच होता. ह्यायचा पंजा तं पाह्य, घमेल्यात मावत नाही, तो दोन इंचात कुठी जाते? मीनंच घातला हात, मीनंच लावला नट. सगळे म्हणे, फोडून टाक बांगड्या, हात निंगते. हे म्हणे, मी जिता असताना नाही फोडायच्या. गाडी गेली तं जाऊ दे म्हणे. दोन घंटे रडून राहिले तठी रस्त्यावर, मडगार्ड धरून. गाडीसाठी रडतेत का जिवाले भेतेत, काही समजे ना. मंग मीनं म्हणलं, जरा तिकडं तोंड करा. हे तिकडं वानर पाहून राहिले, अन् मीनं हात आपटला इंजिनावर. सहाच्या सहा फुटल्या. पावणेपाचले अल्काताईच्या दारात गाडी उभी होती. अन् दोन वर्सं झाले फुटून, हे पाह्य, समोर बसले आहेत, काही झालं का ह्यायले? खोटं बोलनं बी कमी नाही झालं."